गावाच्या पाण्याचा ताळेबंद

गावात हवामान बदल शिकवायचा असेल तर तो शब्द पहिल्या दिवशी काढूच नये, या मताला आम्ही आता आलो आहोत. कार्बन, तापमानवाढ, २०५० साल हे सगळं खरं आहे, पण ऐकणाऱ्याच्या हातात त्यातून काही येत नाही. आपण एका सरळ बाजूंच्या डब्यापासून सुरुवात करू.

डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मोजायचं आणि चावडीच्या फळ्यावर लिहायचं. शाळेतली मुलं हे काम मन लावून करतात. आता हिशेब बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, एक टँकर. दुष्काळी पट्ट्यातलं १,००० हेक्टरचं गाव धरा, पाऊस ४०० मिलिमीटर. झाले ४०० कोटी लिटर! १,५०० माणसांना माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे जलजीवन मिशनचं माप, लावलं तर वर्षाला साधारण ३ कोटी. शेकडा एकही नाही. मग मार्चमध्ये टँकर का लागतो?

इथे सभा जागी होते. बरंच पाणी वाफ होऊन जातं, बरंच ओढ्याने वाहून जातं, हे खरंच. पण मुरलेलं कुठे गेलं? पाटाने भिजवलेल्या उसाला पावसासकट सुमारे २,००० मिलिमीटर लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. चार एकर ऊस अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याएवढं पितो. हरभऱ्याचं याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात भागतं.

आकडे अवघड नाहीत. अवघड हे, की ज्याचा ऊस आहे तोही सभेतच बसलेला असतो, बहुधा पुढच्या रांगेत.

म्हणून नगरजवळच्या हिवरे बाजारचं उदाहरण आम्ही घेतो. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे श्रमदान झालं, चर-बंधारे झाले, ते तर सगळे सांगतात. चर पुष्कळ गावांनी खणले, आणि पाणी वाढताच नवे बोअर मारले. हिवरे बाजारने उसासारख्या पिकांवर आणि शेतीसाठीच्या बोअरवर बंदी घातली. पावसाळा संपला की तिथे ग्रामसभेत ताळेबंद मांडतात: आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला, उरेल त्यावर रब्बी. शिकवण्यासारखं जे आहे ते हेच, असं आम्हाला वाटतं.

आणि हवामान बदल? दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की तो फळ्यावरच सापडतो. वर्षाची बेरीज तीच, पण ६० मिलिमीटर एका संध्याकाळी, माती घेऊन गेलेला, आणि पुढे तीन आठवडे कोरडे. सोयाबीन करपतं ते या खंडात. आता सांगायचं, की हवा एका अंशाने तापली तर सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा असा कोसळतो. एका वर्षाच्या फळ्यावरून मात्र हे ठरवू नका. त्याला जुन्या नोंदींची जोड लागते.

एक सूचना आहे. विहिरींची पातळी दोरीने मोजायची, तेव्हा वही पाणी भरणाऱ्या बायकांच्या हाती द्या. कुठली विहीर कुठल्या आठवड्यात तळ गाठते, हे त्यांना आधीच पाठ असतं. मोजणी दिवाळीच्या आत उरका, कारण पेरणी झाल्यावर ताळेबंद मांडला तर हरभरा घ्या म्हणून कुणाला सांगणार?