आकृतिमोत्यांचे दागिने : आधी करार, मग लागवड

गोड्या पाण्यातील शिंपल्यांत मोती पिकविण्याची पद्धत भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने विकसित केली आहे. तीत शिंपल्याचे कवच व मांसल आवरण यांमध्ये गणपती, फूल अशा आकृतीचा लहान साचा बसवितात. शिंपला त्यावर मौक्तिकद्रव्याचे थर चढवितो व सुमारे १२ ते १८ महिन्यांनी आकृतिमोती तयार होतो.

हा मोती एका बाजूने सपाट असतो. सरात ओवण्यास तो सोयीचा नाही. पदक, अंगठी वा कर्णफुले यांच्या कोंदणात शोभतो. साचा एकदा बसविल्यावर आकृती बदलता येत नाही. म्हणून त्यापूर्वीच दागिने घडविणाऱ्या कारखानदाराशी आकृती, आकारमान, नग व भाव ठरवून लेखी करार करावा.

सर्व मोत्यांचा रंग व झळाळी सारखी येत नाही. काही शिंपले मरतातही. कर्णफुलांस तर जुळती जोडी लागते. यास्तव मागणीहून अधिक साचे बसवावेत व प्रतवारीच्या अटी करारात स्पष्ट असाव्यात.

प्रथम थोड्या शिंपल्यांवर नमुना तयार करून दाखवावा. ग्राहक ठरल्यावाचून तळ्यात मोठी रक्कम गुंतवू नये, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्यावे.