अडुळसा, मध आणि मुलांचा खोकला : काय खरं, कुठे थांबायचं?



पावसाळा लागला की धारणीकडे आमच्या वर्गात निम्मी पोरं खोकत असतात. घरी काय दिलं विचारलं, की अडुळसा, मध, हळदीचं दूध अशी उत्तरं येतात. हे उपाय खरंच लागू पडतात का? एकेक पाहू या.

अडुळसा : याच्या पानांत वासिसिन नावाचा घटक असतो. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. म्हणजे आजीच्या काढ्यात तथ्य आहे. पण घरच्या काढ्यात घटक किती उतरला हे कळत नाही, म्हणून लहानग्यांना अंदाजाने देऊ नका. गरोदर बाईने तर घेऊच नये.

मध : झोपताना चमचाभर मध दिल्याने रात्रीचा खोकला कमी होतो, असे मुलांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

हळद, आलं, तुळस : घशाला बरं वाटतं, पण खोकला बरा होतो असा भक्कम पुरावा नाही.

वाफ : फायदा सिद्ध नाही, आणि गरम पाणी सांडून मुलं भाजतात.

आता मुद्द्याचं. हे सगळं साध्या सर्दी-खोकल्यापुरतं. जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाला प्रतिजैविकच लागते. आपल्या मेळघाटात बाळ आजारी पडलं की काही घरांत अजूनही पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचे उघड झाले. बाळ वाचावं हीच घरच्यांची धडपड असते, पण त्यात उपचाराची वेळ निघून जाते.

म्हणून श्वास मोजा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट :

- 2 महिन्यांच्या आत : 60 किंवा जास्त
- 2 ते 12 महिने : 50 किंवा जास्त
- 1 ते 5 वर्षे : 40 किंवा जास्त

इतके श्वास भरले, तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर लगेच 108 ला फोन करा.

मी चौथीच्या मुलांना घड्याळ लावून श्वास मोजायला शिकवते. गणिताचा सराव होतो, आणि घरी धाकट्या भावंडाचा श्वास मोजणारं कुणीतरी तयार होतं. तुमच्याही वर्गात करून बघा!