माइक कुठे ठेवायचा?

माइक कुठे ठेवायचा हा मंडपवाल्याचा प्रश्न, त्यात तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं काय काम, असं कळंबात कुणीही म्हणेल. पण शब्द ऐकू कसा येतो, यावर आपल्या नैयायिकांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. ते म्हणतात, नगाऱ्यापाशी जन्मलेला शब्द स्वतः चालत कानापर्यंत येत नाही. पाण्यातल्या लाटांप्रमाणे एका शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा निपजत जातो. हा वीचीतरंगन्याय. आपण ऐकतो तो कानापाशी निपजलेला शेवटचा शब्द. माइकलाही हेच लावून पाहा. माइक जिथे आहे तिथे जे पोहोचलं, तेवढंच त्यात उतरतं. भिंतीवरून परतलेला आवाज, पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, सगळं. आपलं मन नको ते बाजूला सारतं. माइकला मन नाही.

आता जात्यावरच्या ओव्या घेऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि पुढे बर्नार बेल यांच्या साथीने त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. कागदावर शब्द राहतात, चाल राहत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण. आपल्याकडेही आज्जीच्या ओव्या मोबाइलवर घ्यायला नातवंडं बसतात, आणि नंतर ऐकावं तर नुसती घरघर! मोबाइल जात्याशेजारी फरशीवर ठेवलेला असतो. दगडाची थरथर थेट त्यात शिरते.

तो उचला. पाटावर वाकळेच्या चार घड्या, त्यावर ठेवा. खालची कड, जिथे माइक असतो, ती आज्जीच्या तोंडाकडे. अंतर निम्मं केलं की तिचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. मग अगदी तोंडाशीच का धरू नये? कारण दळणारी बाई पुढे-मागे झुलते. वीतभर अंतरावर तेवढ्या झुलण्याने आवाज एकदम चढतो नि पडतो. हातभर अंतरावर फरक बेताचा. शिवाय प, फ, भ म्हणताना वाऱ्याचा झोत येतो, म्हणून तोंडासमोर नको, जरा बाजूला. एका दिशेचा माइक मिळाला तर उत्तमच. त्याचं ऐकण्याचं क्षेत्र बदामाच्या आकाराचं, पाठीमागचं त्याला फार कमी ऐकू येतं. त्याची पाठ जात्याकडे करा.

पण जातं पुसायचं किती? आज्जीला खुर्चीवर बसवून म्हणायला लावलं तर आवाज स्वच्छ येतो. आमच्या मते मात्र ती ओवी अर्धीच. ओवीचा ठेका हातात आहे. खुंटा सुटला की चाल सैल पडते, पुष्कळदा पुढची ओळच आठवत नाही. घरघर राहू द्यावी, शब्द बुडू नये एवढंच पाहावं. समोरासमोर दोघी बसल्या असतील तर दोघींच्या तोंडांपासून सारख्या अंतरावर एकच माइक बरा. दोन मोबाइल लावून नंतर जुळवत बसण्यात अर्थ नाही.

जागा निवडता येत असेल तर जुनं माळवद निवडा. मातीच्या भिंती आवाज पितात. स्लॅबच्या खोलीत घुमतो. तिथे दोन-तीन गोधड्या दोरीवर टाकाव्या लागतील. पंखा बंद. आधी एक ओवी घ्या, हेडफोन लावून ऐका, माइक वीतभर सरकवा, पुन्हा ऐका. आज्जी कंटाळायच्या आत.