गंजलेली गाडी : आधी पाण्याची वाट बंद करा

धानाची मळणी आटोपली की शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नांगर, पंप, फवारणीचे यंत्र यांची डागडुजी याच दिवसांत होते. आपल्या काही घरांसमोर आता एखादी जुनी जीप, ओम्नी व्हॅन किंवा अम्बॅसडरही उभी असते. अम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली व ओम्नीचे २०१९ साली थांबले. तेव्हा जी गाडी आहे तीच जपली पाहिजे, आणि ते काम पावसाळ्याची वाट न पाहता दिवाळी ते होळीच्या दरम्यान करावे असे आम्ही सुचवितो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे तपासणी करूनच पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

गंज का चढतो?

लोखंडाला पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही एकत्र मिळाली की गंज चढतो. जोडीला क्षार असला तर तो फार वेगाने पसरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो. बाहेर रुपयाएवढा फोड दिसला तरी आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. ज्या गाडीतून मुले शाळेत जातात, तिच्यातूनच रोवणीच्या दिवसांत खताची पोती येतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे एक क्षारच आहे. सांडलेले दाणे ओलावा धरून ठेवतात आणि पायाखालच्या चटईआड पत्रा खात राहतात. म्हणून पोत्यांखाली ताडपत्री अंथरावी. गाडी त्याच दिवशी झाडून, धुऊन, दारे उघडी ठेवून वाळवावी.

पाणी कोठून येते?

पुष्कळदा मूळ दोष काचेच्या रबरात असतो. रबर उन्हाने कडक होऊन चिरते, पाणी काचेखालच्या खोबणीत साचते आणि आतल्या बाजूने तळाच्या पत्र्यावर उतरते. काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीच्या क्लिपा रंग खरवडतात व तेथेही गंज धरतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात, ती चिखलाने बुजतात. ती काडीने मोकळी करावी.

परीक्षा सोपी आहे. एकाने आत बॅटरी घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने खालून वर असे हळूहळू पाणी सोडावे. जेथे थेंब दिसेल तेथे खूण करावी. ही वाट न बुजविता केवळ डेंटिंग-पेंटिंग केले, तर पुढच्या पावसाळ्यात पैसे पुन्हा पाण्यात जातील.

पत्र्याची दुरुस्ती

गंज वरवरचा असेल तर खुणेपासून दोन-तीन बोटे पुढपर्यंत तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत काढावा. बारीक खड्ड्यांत गंज उरला तर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावावे. त्याने गंजाचे टिकाऊ फॉस्फेट बनते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे टिकला, त्यामागेही लोखंडातील फॉस्फरसमुळे बनलेला असाच एक थर आहे. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. त्याच दिवशी प्रायमर मारावा. पुट्टी ओलावा शोषते, म्हणून ती प्रायमरवरच लावावी व रंगाने पूर्ण झाकावी.

भोक पडले असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा. तळ, दाराखालची पेटी, स्प्रिंगांचे आधार व सीटबेल्टचे बोल्ट येथे पुट्टी किंवा एम-सीलने भोक बुजविणे धोक्याचे आहे. ते दिसते बुजलेले, पण धक्क्यात वजन पेलत नाही. वेल्डिंगपूर्वी गाडीच्या बॅटरीच्या तारा काढाव्यात व पेट्रोलची टाकी दूर करावी.

रबर व पट्टी बसविणे

काचेभोवतीची पत्र्याची कड रंगवून पूर्ण वाळल्यावरच हे काम घ्यावे. जुन्या रबराचा तुकडा नमुना म्हणून दुकानात न्यावा. नवे रबर काचेवर चढवून त्याच्या आतल्या खाचेत सर्व बाजूंनी गुळगुळीत नायलॉनची दोरी घालावी व दोन्ही टोके खाली मध्यभागी सोडावीत. साबणाचे पाणी लावून काच बाहेरून जागेवर टेकवावी. आतल्या माणसाने दोरी हळूहळू ओढत जावी, म्हणजे रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढते. बाहेरच्याने त्याच जागी तळहाताने दाबत राहावे. ऑइल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. शेवटी क्लिपांच्या छिद्रांना रंग लावून पट्टी बसवावी. नव्या गाड्यांची पुढची काच मात्र चिकटवलेली असते. ती कारागिराकडूनच बसवून घ्यावी.

आरोग्याची काळजी

जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे, नाकावर मास्क असावा व लहान मुलांना दूर ठेवावे. थिनरजवळ बिडी पेटवू नये. पत्र्याने कापले तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जावे. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत, ते माती-शेणात असतात. आणि शेतकऱ्याच्या गाडीला माती-शेण लागलेलेच असते.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. तळाला भोके पडली आणि सायलेन्सरही गळका असला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्रवासात मागे बसलेल्यांना डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली, तर ‘गाडी लागली’ असे समजून काचा लावून पुढे जाऊ नये. गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत उतरवावे, त्रास कमी होत नसेल तर दवाखाना गाठावा, आणि तळ व सायलेन्सर दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत कोणालाही बसवू नये.

दुरुस्तीनंतर पहिला मोठा पाऊस पडला की चटई उचलून हात फिरवून पाहावा. हाताला कोरडे लागले, तर काम नीट झाले असे समजावे.