गाडी सुटण्यापूर्वीचा विमा

प्रवासाला निघताना आपण काय काय बांधून घेतो? दशम्या, चटणी, पाण्याची बाटली, पांघरूण, देवापुढचा अंगारा. उल्हासनगरच्या घरातून निघा, अंबरनाथच्या निघा की बदलापूरच्या, ही तयारी ठरलेली. पण या सामानात विम्याचा कागद क्वचितच असतो. "दोन दिवसांत तर परत यायचंय, विमा कशाला?" असे आपण म्हणतो. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र नीट समजून घ्यावयास हवे, कारण प्रवासाचा विमा एकाच जातीचा नसतो.

आपल्याच पंचक्रोशीतले उदाहरण पाहू. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून अधिक माणसे होती. रात्र डब्यातच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी आपत्ती निवारण दलाच्या बोटी आल्या, नौदल आले, आसपासचे गावकरी धावले आणि दुपारपर्यंत सगळी माणसे सुखरूप बाहेर निघाली. कोणीही दगावले नाही.

आता विचार करा. यांपैकी ज्यांनी तिकीट काढताना रेल्वेचा विमा घेतला असेल, त्यांना त्याचे काय मिळणार? काही नाही! कारण तो विमा मृत्यूचा, अपंगत्वाचा आणि दुखापतीचा आहे. गाडी अडकली, लग्नाचा मुहूर्त चुकला, पेटी भिजली, याची भरपाई त्यात नाही. त्यासाठी विमा कंपन्यांकडे वेगळ्या योजना असतात आणि त्यांचा हप्ताही वेगळा असतो. म्हणून पहिली गोष्ट ही, की विमा घेताना "कितीचा?" असे विचारण्याआधी "कशाचा?" असे विचारावे.

मग रेल्वेचा विमा निरुपयोगी म्हणायचा काय? मुळीच नाही. रेल्वेच्या संकेतस्थळावर लांबच्या गाडीचे तिकीट काढताना विम्याबद्दल हो-नाहीचा एक प्रश्न येतो. घाईत आपण तो न वाचताच पुढे सरकतो. ही योजना 2016 साली सुरू झाली. हप्ता माणशी रुपयाच्या निम्म्याहूनही कमी. अपघातात मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर दहा लाख रुपये, अंशतः कायमचे अपंगत्व आले तर साडेसात लाखांपर्यंत आणि इस्पितळाच्या खर्चासाठी दोन लाखांपर्यंत.

इतक्या थोड्या पैशांत हे जमते कसे? हिशेब सोपा आहे. हप्ता 45 पैसे धरला, तर सुमारे बावीस लाख प्रवाशांच्या वर्गणीतून एका कुटुंबाचे दहा लाख उभे राहतात. आपल्या आळीतल्या भिशीसारखेच हे आहे. फरक एवढाच, की भिशीत आपला नंबर कधी लागतो याची आपण वाट पाहतो आणि विम्यात तो कधीच लागू नये अशी प्रार्थना करतो. वर्गणी मात्र आधीच भरलेली हवी. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, तसा अपघात घडल्यावर विमा उतरवता येत नाही.

येथे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "अहो, आमचा रोजचा प्रवास लोकलचा! आमचं काय?" प्रश्न महत्त्वाचा आहे. बदलापूरहून मुंबईला नोकरीस जाणारा माणूस रोज अडुसष्ट किलोमीटर जातो आणि तितकाच परत येतो. कोल्हापूरला वर्षातून एकदा जाणाऱ्यापेक्षा धोका त्यालाच अधिक. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसे रुळांवर पडली आणि काहींचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. पण वर सांगितलेला तिकिटावरचा विमा उपनगरी गाड्यांना लागू नाही.

लोकलच्या प्रवाशाला दोन आधार आहेत. पहिला कायद्याचा. 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे चालत्या गाडीतून अपघाताने पडलेला प्रवासीही भरपाईस पात्र ठरतो, मग चूक रेल्वेची असो वा नसो. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूबद्दलची ही रक्कम आठ लाख रुपये आहे. त्यासाठी रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले आहे. तरी पासाची नोंद घरी ठेवावी हे बरे. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र यात सहसा बसत नाही, म्हणून चार पायऱ्या चढून पुलावरूनच जावे.

दुसरा आधार बँकेतला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 2015 साली निघाली. अठरा ते सत्तर वर्षांच्या कोणाही खातेदाराला वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. लोकल, रिक्षा, एस.टी., पायी, कसाही प्रवास असो. वर्ष 1 जूनला सुरू होते आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात वीस रुपये शिल्लक नसले, तर संरक्षण तुटते! मे महिना संपण्यापूर्वी पासबुक एकदा पाहणे एवढेच आपले काम.

परदेशी जाणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. मुलगी अमेरिकेत बाळंत व्हायची आहे म्हणून आई सहा महिन्यांसाठी निघते. तेथे भीती आगगाडीची नसते, इस्पितळाच्या बिलाची असते. युरोपातील शेंगेन देशांचा परवाना तर किमान तीस हजार युरोच्या वैद्यकीय विम्याशिवाय मिळतच नाही. हा विमा निघण्यापूर्वीच घ्यावा आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार जे असेल ते स्वच्छ लिहावे. "कशाला सांगायचं, हप्ता वाढेल" असे म्हणून लपवलेले दुखणे नेमके दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि दावा नाकारला जातो.

विमा काढला म्हणजे दारात लोंबकळण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. पैशाने माणूस परत येत नाही. परंतु कमावता हात गेल्यावर मुलांची शाळा, घराचे भाडे, म्हाताऱ्यांचे औषध थांबत नाही. तो खर्च कोणी सोसायचा, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर विमा देतो.

आणि ते उत्तर घरच्यांना ठाऊक हवे. विमा असतो, पण पत्नीला माहीत नसतो, वारसाचे नाव भरलेले नसते, असे फार होते. रेल्वेचा विमा घेतल्यावर येणाऱ्या संदेशातून वारसाचे नाव नोंदवा. बँकेच्या अर्जावरही ते आहे ना, पाहा. एका कागदावर बँक, योजना आणि वारस ही तीन नावे लिहून तो घरात शिधापत्रिकेजवळ ठेवा, आणि कोठे ठेवला ते घरच्यांना सांगून मगच स्टेशनाची वाट धरा.