लहरींच्या वाटपात हॅमची बाजू

रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून, घराच्या गच्चीवर अँटेना उभारून जगभरच्या अनोळखी माणसांशी रेडिओवर बोलणाऱ्या हौशी मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. संच विकत मिळतो, घरी बांधताही येतो. खरी अडचण असते ती लहरींमधल्या जागेची. कोणती वारंवारता कुणी वापरायची हे सरकारे ठरवतात आणि त्या जागेवर सैन्यदले, प्रसारण केंद्रे, विमानसेवा, मोबाइल कंपन्या अशा सगळ्यांचाच डोळा असतो. हॅमला मात्र आपल्या केंद्रावरून पैसा कमावायला नियमानेच मनाई आहे. त्यामुळे महसुलाचे आकडे पुढे करून त्याला आपली बाजू मांडता येत नाही. तरीही गेल्या शंभर वर्षांत या मंडळींनी आपली बरीच जागा राखली आहे, काही गमावलेली परत मिळवली आहे.

सुरुवात अवहेलनेने झाली. 1912च्या अमेरिकी कायद्याने हौशी केंद्रांना 200 मीटर व त्याखालच्या तरंगलांबीवर ढकलले, कारण या आखूड लहरी लांब जात नाहीत असा तेव्हाचा समज होता. 1914 साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन केली. 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरताच हौशी केंद्रे बंद झाली आणि युद्ध संपल्यावर रेडिओचा कारभार नौदलाच्या हाती देणारे विधेयक संसदेत आले. मॅक्सिम यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, हौशी मंडळींनी व त्यांच्या घरच्यांनी लोकप्रतिनिधींना पत्रे धाडली. विधेयक बारगळले आणि 1919च्या शरदात प्रक्षेपणावरची बंदी उठली.

पण पत्रांपेक्षा मोठे काम प्रयोगाने केले. डिसेंबर 1921 मध्ये लीगने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे पाठवले. समुद्रालगतच्या शेतात तंबू ठोकून, लांबलचक तार ताणून, भर हिवाळ्यात रात्री जागून त्यांनी अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. 1923च्या नोव्हेंबरात सुमारे 100 मीटरवर अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात दुतर्फा संभाषणही झाले. निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या लहरी अटलांटिक ओलांडतात हे कळताच त्यांच्यावर सगळ्यांचीच नजर गेली. म्हणून 1925 साली पॅरिसमध्ये हौशी संघटनांचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला आणि 1927च्या वॉशिंग्टन परिषदेत हॅमना प्रथमच जागतिक मान्यतेचे पट्टे मिळाले.

मिळालेले टिकवणे अवघड असते, हे चाळीस मीटरच्या पट्ट्याने दाखवले. 1927 साली तो 7000 ते 7300 किलोहर्ट्‌झ असा होता. 1938च्या कैरो परिषदेनंतर त्यात प्रसारण केंद्रे शिरली आणि पुढे युरोप, आफ्रिका व आशियात हॅमच्या वाट्याला जेमतेम 100 किलोहर्ट्‌झ उरले. संध्याकाळ झाली की बलाढ्य केंद्रांच्या आवाजाखाली हॅमचे क्षीण संकेत बुडून जात. अखेर 2003च्या जिनिव्हा परिषदेने प्रसारकांना 7100 ते 7200 हा भाग सोडायला सांगितले, त्यासाठी 29 मार्च 2009 ही मुदत दिली. गेलेली जागा परत मिळणे या क्षेत्रात फार दुर्मीळ. तिथवर पोचायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

हे निर्णय आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ परिषदेत होतात. ती साधारण तीन-चार वर्षांनी भरते. तिथे मत असते ते देशांना. हॅमच्या संघाला हजर राहून म्हणणे मांडता येते, मतदान करता येत नाही. म्हणून खरे काम आधीच्या वर्षांत, तज्ज्ञांच्या अभ्यासगटांत आणि प्रत्येक देशाच्या रेडिओ प्रशासनाच्या दारात करावे लागते. 2019 मध्ये 144 ते 146 मेगाहर्ट्‌झ या हॅमच्या अत्यंत लाडक्या पट्ट्याचा विमानविषयक वापरासाठी अभ्यास व्हावा, असा प्रस्ताव फ्रान्सने युरोपीय बैठकीत मांडला. देशोदेशींच्या हॅमनी आपापल्या प्रशासनाला गाठले आणि काही महिन्यांतच प्रस्ताव मागे पडला.

कधी न्यायालयाची पायरीही चढावी लागते. विजेच्या तारांतून इंटरनेट पुरवण्याची योजना 2004 साली अमेरिकी संचार आयोगाने नियम करून पुढे रेटली. विजेच्या तारांवर आवरण किंवा कवच नसते. उच्च वारंवारतेचा संकेत सोडला की मैलोन्‌मैल पसरलेली तार स्वतःच अँटेना बनते. हॅम ज्या लहरींवर दूरदेशीचा पुसटसा आवाज कान देऊन टिपतो, नेमका तिथेच खरखराट पसरतो. लीगने चाचणीच्या भागांत मोजमापे घेतली आणि आयोगाकडे त्याच्या स्वतःच्या अभ्यासाचे कागद मागितले. मिळाले, पण त्यातला काही मजकूर झाकलेला. एप्रिल 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ठरवले की, ज्या अभ्यासावर नियम उभा आहे तो लोकांपासून अंशतः झाकून ठेवता येणार नाही आणि तारेपासूनच्या अंतरानुसार संकेत किती घटतो याचे सूत्र आयोगाने का निवडले, याचाही खुलासा हवा. पुढे आयोगाने ते सूत्र मुख्यतः कायमच ठेवले. विजय निर्भेळ नव्हता. पण मोजमाप घेऊन आलेल्या नागरिकाला उत्तर द्यावेच लागते, हे त्या निकालाने पक्के केले. त्या तंत्राने बाजारातही मूळ धरले नाही.

भारतात हॅमचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन शाखा देते आणि त्यासाठीचे मूळ नियम 1978 साली झाले. इथे हॅमची बाजू सर्वांत ठळकपणे आपत्तीने मांडली. 1993चा लातूरचा भूकंप, 2001चा गुजरातचा भूकंप, प्रत्येक वेळी तारा तुटल्यावर संदेश पोचवले ते हॅमनी. अंदमानचे उदाहरण तर थेट परवानगीशी जोडलेले आहे. सुरक्षेच्या कारणाने तिथून 1987 नंतर हॅमचे प्रक्षेपण होत नव्हते. दीर्घ पाठपुराव्यानंतर 2004च्या डिसेंबरात हैदराबादच्या एका हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या चमूला पोर्ट ब्लेअरहून बोलण्याची परवानगी मिळाली. 26 डिसेंबरला त्सुनामी आली तेव्हा त्यांचा संच तिथेच होता. हौशी मोहीम बाजूला ठेवून चमूने बेटांवरच्या माणसांचा ठावठिकाणा त्यांच्या मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळवण्याचे काम हाती घेतले. एप्रिल 2006 मध्ये त्याच पोर्ट ब्लेअरला देशी-परदेशी हॅमचा मेळा भरवायला सरकारने मान्यता दिली, आणि त्याच वर्षअखेरीस लक्षद्वीपचेही दार उघडले.