अपंगत्व पेन्शन : खैरात नव्हे, हक

पुण्यात वानवडीचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हात-पाय गमावलेल्या जवानांना उभे करत आले आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२मध्ये पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक आणले. रणांगणातली जखम सर्वांना दिसते. पण नोकरीत फिट, रक्तदाब किंवा मानसिक आजार जडलेल्या जवानाच्या कागदावर अनेकदा एकच ओळ असते : 'आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.' ती वाचून घरचे 'नशीब' म्हणून गप्प बसतात. आम्ही म्हणतो, गप्प बसू नका.

धर्मवीर सिंग या जवानाला फिट येऊ लागल्याने १९९४मध्ये घरी पाठवले गेले. अपंगत्व २० टक्के ठरले, पेन्शन मात्र नाकारली गेली. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे धरायचे. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. शंकेचा फायदा जवानाला. सप्टेंबर २०२३पासून मात्र नवे नियम लागू झाले आहेत, म्हणून आधी आपल्या निवृत्तीची तारीख पाहा.

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी साधारणपणे किमान २० टक्के अपंगत्व लागते. नकार आला तर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे, मग दुसरे. तिथेही निराशा झाली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. अर्ज लिहिण्यापासून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. एजंटला पैसे देण्याची गरज नाही.

डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा अहवाल, लष्करी रुग्णालयाचे कागद आणि नकाराचे पत्र यांच्या प्रती एका फाईलमध्ये ठेवा. अपिलाची पोच जपा.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते, नावांची. निकाहनाम्यात 'बी', आधारवर 'बेगम', लष्करी नोंदीत भलतेच नाव! जवान हयात असेपर्यंत कोणी पाहत नाही. पुढे बेवाला फॅमिली पेन्शनसाठी खेटे घालावे लागतात. रेकॉर्ड ऑफिसकडून पत्नी-मुलांची नावे व जन्मतारखा आजच दुरुस्त करून घ्या.

हक मागण्यात कमीपणा कसला? ज्याने देशासाठी तब्येत गमावली, त्याने हात पसरायचा नाही. फक्त अर्ज वेळेत करायचा आहे. आपल्या मोहल्ल्यात असे कोणी चाचा असतील, तर ते पत्र त्यांना आज वाचून दाखवा.